टेकावरचा गुळव्या

गूळ पिवळा नसतो. हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं. बाजारात पिवळाधमक गूळ बघून जे खूश होतात, त्यांना कुणीतरी पावडर खाऊ घातलेली असते. खरा गूळ तांबूस असतो, जुन्या पितळेच्या तांब्यासारखा. ढेप फोडली की आत बारीक कणी दिसावी आणि काळा ठिपका एकही नसावा. एकदा लातूरच्या अडतीवरचा एक व्यापारी मला म्हणाला, तात्या, गिऱ्हाइकाला पिवळा लागतो, जरा रंग मारा. मी त्याला म्हणलं, तुमच्या घरात लग्नाची पोरगी असंल तर तिला हळद लावा, माझ्या काहिलीला कशाला लावता. पुन्हा आला नाही.

आमच्याकडच्या काही मंडळींनी यंदा दिवाळी अंक काढलाय. घरी येऊन म्हणाले, तात्या, तुमच्या धंद्याचं लिहा. मी चौथी पास. पास म्हणजे मास्तरांनी ढकललेला. पण ढोकीच्या अलीकडं पलीकडं चार गुऱ्हाळं जी नावाजली ती माझ्या हातानं, त्यामुळं लिहायचा हक्क माझाच. मंडळींना वाटलं असंल मी जुन्या दिवसांचं गोड गोड लिहीन. मी लिहिणार आहे त्या माणसाचं, जो माझ्या जागेवर येऊन बसला.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. चरकातून रस निघतो, तो काहिलीत घालतात. काहील म्हणजे माणूस आडवा झोपंल एवढी लोखंडी कढई. तिच्याखाली चुलवाण, म्हणजे भुईत खणलेली भट्टी. त्यात रस काढून वाळलेली चिपाडं घालून जाळ करतात. जाळ घालणारा वेगळा माणूस, जाळव्या. रस तापला की त्यात भेंडीच्या झाडाचा ठेचून काढलेला चिकट रस टाकायचा, म्हणजे सगळी घाण मळी होऊन वर येते. ती काढत राहायचं. मग रसाचा पाक होतो, आणि तिथून पुढं गुळव्याचं काम. पाक थोडासा पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघायची. एवढ्याशा वेळाचा खेळ असतो. आधी उतरवला तर ढेप पाझरते, उशीर झाला तर करपतो. गुळव्या ओरडत नाही. तो नुसता हात वर करतो. हात वर गेला की जाळ ओढायचा, काहील उतरवायची. गुऱ्हाळाच्या मालकानंसुद्धा त्या वेळी तोंड उघडायचं नाही. साऱ्या पंचक्रोशीत मालकाला गप करणारा हात फक्त गुळव्याचा. माझा होता.

त्या चारांतल्या माणिकदाजींच्या गुऱ्हाळावर माझी बहुतेक हयात गेली. हंगामाची पहिली ढेप मारुतीला जायची, ती माझ्या डोक्यावरून. पुढं हलगी, मागं मी. आमच्या घरात जमिनीचा एक तुकडा आहे, दाजींच्या रानाला लागून, पण माझी इज्जत त्या तुकड्याची नव्हती. त्या हाताची होती.

मग एका दसऱ्याला दाजींनी मला घरी बोलावलं, चहा पाजला. दाजी कारण नसताना चहा पाजत नाहीत.

"तात्या, औंदा जरा बसा तुमी."

"कुठं बसू?"

"टेकावर बसा, बाभळीच्या सावलीला. वरून देखरेख करा."

"देखरेख करायला मी काय सरपंच हाय?"

"डोळ्याचं म्हणायलोय मी. मागच्या हंगामात दोन काहिली करपल्या का न्हाय?"

"चिपाड ओलं व्हतं."

"डागतर मोतीबिंदू म्हणला व्हता तुमाला."

"डागतरला चष्मा व्हता. ज्याला चष्मा हाय त्यानं दुसऱ्याच्या डोळ्याचं काय सांगावं. माझी नजर घारीची हाय."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, चिपाड ओलं होतं. माझी बायको गोदावरी, ती जात्यावरच्या बाईसारखी शांतपणे बोलते. ती म्हणली, "चिपाड वाळलेलं व्हतं." आणि भाकरी उलटली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आठ-पंधरा दिवसांनी टेम्पोतून ते लोक उतरले. उत्तर प्रदेशातले, मुजफ्फरनगरकडचे. तिकडं ऊस लई, गुऱ्हाळं लई, आणि तिथले लोक हंगामाला देशभर जातात. म्होरक्या इर्शाद, त्याची बायको, पोरगी, आणि हाताखाली भाऊबंद. दाजींनी मला टेकावर बसवलेलं होतंच. तिथून मी बघितलं, माझं चुलवाण त्यांनी फोडलं. कुदळ त्या इर्शादनं स्वतः चालवली. मग एक लांबलचक भट्टी खणली, तिच्यावर एकीच्या मागं एक अशा तीन कढया, आणि शेवटी धुराडं. जाळ एकाच तोंडाला, पण आच तिन्हींखालून जाते. मागच्या कढईत गार रस, मधलीत मळी काढायची, पुढच्या कढईत पाक. रस मागून पुढं सरकत येतो. पाक झाला की लांब दांड्याच्या डब्यांनी उपसून गार करायच्या वाफ्यात. काहील उतरवायची भानगडच नाही.

मला हे सुचलं नव्हतं. सगळी हयात मी एकाच काहिलीखाली जाळ घालून निम्मी आच आभाळाला दिली. हे टेकावर बसल्या बसल्या कळलं. परका माणूस आळशी असता, दारुडा असता, तर मला बरं वाटलं असतं. हा हुशार निघाला.

मी रोज जायचो. चूक सापडावी म्हणून जायचो. तो मळी काढायचा तेव्हा वाकून बघायचो. तो मला 'ताऊ' म्हणायचा. मी विचारलं, ताऊ म्हंजे काय. आमची मराठवाड्याची जुनी माणसं, निजामाच्या वेळची बोली घरात ऐकलेली, त्यामुळं त्याची भाषा मला समजायची.

"ताऊ मतलब अब्बा के बड़े भाई."

"हम किसी का भाऊ नहीं," मी म्हणलं.

"कोई बात नहीं ताऊ," असं म्हणून त्यानं मला गरम गुळाचा गोळा पानावर दिला. गोळा मी टेकावर नेऊन थुंकणार होतो. तोंडात विरघळला, काय करणार.

गोदावरीनं तर वैताग आणला. इर्शादची बायको एकदा ताक मागायला आली, तेव्हापासून दोघींचं जमलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला हिंदी येत नाही, आणि दोन-दोन तास बोलायच्या. एक दिवस पोळी वाढताना गोदावरी म्हणली, "ह्या गुळाची पोळी फुटत न्हाय, बघा."

"माझ्या गुळाची फुटायची व्हय?"

"कवा कवा."

इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

आता गावातलं सांगतो. हंगाम तापला तशी पारावर कुजबुज तापली. टीव्हीवर रोज बाहेरून आलेल्या लोकांचं चाललेलं. इथं अमके घुसले, तिथं तमके घुसले. एकदा कुठल्यातरी गोऱ्या लोकांच्या देशातलं दाखवलं. समुद्रातून बोटीत बसून आलेले, आसरा मागणारे लोक, आणि त्यांना ठेवू नका म्हणून मोर्चा. मोर्चात एक माझ्या वयाचा म्हातारा फळी धरून उभा होता. त्याची भाषा मला कळली नाही, पण त्याचं तोंड ओळखीचं वाटलं. त्याच्याही चुलवाणावर कुणीतरी बसलं असणार.

आमच्या गावात मोर्चा निघाला नाही, पण विहिरीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला गेल्या. केबली ह्या भागात नेहमीच जातात, त्यात नवीन काही नाही. पण ह्या वेळी गावाला चोर आयता सापडला. कुणी म्हणलं हे यूपीचे नाहीतच, बांगलादेशी आहेत. दाजी म्हणले, सगळ्यांचे कागद पोलीस पाटलानं बघितलेत. तर पारावरचे म्हणले, कागद काय, कुठंबी मिळतेत. कुणी म्हणलं, आपल्या देवळापुढून जातात पण हात जोडत नाहीत. खरं तर गावातली निम्मी पोरं मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, हात कधी जोडणार. पण मी गप्प होतो. मला ते लोक नकोच होते. हे मी सरळ लिहितो, लपवत नाही.

माझा बापही गुळव्या, जळकोटच्या पलीकडून, कर्नाटकाच्या शिवेवरून इथं आला. घरात आम्ही कानडी बोलायचो. शाळेत मला पोरं कानड्या म्हणायची. पण आमचं वेगळं होतं. आम्ही कुणाचं चुलवाण फोडलं नाही. तेव्हा गावात गुळव्याच नव्हता.

पप्पू नावाचा एक जण आहे गावात. तिशी ओलांडलेला, पांढरे कपडे, गाडीवर पक्षाचं चिन्ह, आणि पक्ष दरवर्षी वेगळा. तो एक दिवस टेकावर माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्यासाठी तंबाखूची पुडी आणली होती.

"तात्या, रोज हितंच बसायलाव ना तुमी?"

"दिसायलं न्हाय का तुला?"

"मंग दिवस मावळल्यावर ही लोकं विहिरीकडं जाताना तुमाला दिसली असतील."

पप्पूनं पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

"तुमी एवढंच म्हणायचं, की मी बघितलं. बाकी आमी बघतो. अमावस्येच्या दुसऱ्या दिशी पारावर बैठक घ्यायलो. दाजीला धडकी भरंल, आन् ह्यायचा टेम्पो परत. मंग चुलवाण कुणाचं?"

"कुणाचं?"

"तुमचंच की. घारीची नजर तुमची."

पप्पू गेल्यावर मी पुडी सोडली. तंबाखू चांगला होता. खाली इर्शाद मळी काढत होता. मी मनात चुलवाण परत बांधायला लागलो. माझी काहील कुठं पडलीय, कोण कोण पोरं बोलवायची, पहिली ढेप, हलगी. बैठकीत उभं राहून दोन शब्द बोलायचे होते फक्त. मी ते बोलणार होतो. देवाशप्पथ सांगतो, बोलणार होतो.

मधी वेळ अमावस्या आली. बाहेरच्यांना हा सण माहीत नसतो, म्हणून सांगतो. थंडीत, ज्वारी पोटऱ्यात असते तेव्हा आमच्या धाराशिव-लातूरकडं गाव रिकामं होतं. सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी करायची, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे, पूजा करायची, आणि मग जेवण. सगळ्या भाज्या-शेंगा घातलेली भज्जी, मडक्यातली ताकाची आंबट अंबील, बाजरीचे उंडे, खीर, तिळाची पोळी. कोपीभोवती आम्ही जे ओरडत फिरतो ते शब्द कानडी आहेत. गावातल्या एकालाही त्याचा अर्थ सांगता येत नाही, मला सोडून. त्या दिवशी औत बंद, मोटार बंद, गुऱ्हाळ बंद. आणि ज्याला रान नाही त्याला वाटेवर उभं राहून बोलवायचं. एसटीचा ड्रायव्हर असो, पोष्टमन असो, अनोळखी असो, हाताला धरून कोपीत बसवायचं. कुणी उपाशी दिसला तर आपल्याला घास उतरत नाही, अशी रीत.

त्या वर्षी इर्शादच्या लोकांना कुणी बोलावलं नाही. दाजी तर बेंबळीला लेकीकडं गेले होते, जाताना ह्यांना सण आहे एवढंही सांगितलं नाही. गोदावरीनं टोपली उतरवली आणि म्हणली, "अवो, त्यायला बोलवा. पोरगी हाय लहान."

"सगळं गाव बोलवत न्हाय, मीच का?"

"आपली कोप त्यायच्या समोर हाय म्हणून."

मी पांडवांना पाणी शिंपडत बसलो. तेवढ्यात धूर दिसला. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून काळा, चांगला जाड. शिवारातल्या साऱ्या कोपीतून माणसं बाहेर आली. पप्पू आपल्या रानातून ओरडला, "बघा रे. आपल्या सणाला चुलवाण पेटवलं. ह्यायला आपलं काय हाय का?" आणि पाच-पन्नास माणसं बांधावरून गुऱ्हाळाकडं निघाली. मीही निघालो. गोदावरी मागून आली.

पोचलो तर इर्शाद पुढच्या कढईपाशी. हाताखालचे भेदरून मागं सरकलेले. पप्पू पुढं झाला.

"आग बंद कर. आज त्योहार है हमारा."

"भैया, कल शाम का रस टंकी में था. दोपहर तक खट्टा हो जाता. बस यही एक घान है, फिर बंद."

हे मला एकट्याला पटलं. रस थांबत नाही. रात्रभर टाकीत राहिलेला रस दुपारपर्यंत आंबतो, आणि आंबलेल्या रसाचा गूळ होत नाही. सण असो नाही तर सुतक, गुळव्या रस नासू देत नाही. मीसुद्धा पेटवलं असतं. माझ्या हंगामात टाकी आदल्या दिवशी रिकामी ठेवायचो, कारण मला सण माहीत होता. ह्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

माणसं ओरडायला लागली. कुणी केबलीचं काढलं, कुणी बांगलादेशाचं. एकानं चिपाडाच्या ढिगाला लाथ मारली. इर्शाद हात जोडून उभा, तोंड गावाकडं आणि पाठ कढईकडं. आणि मला वास आला.

पाकाला करपायच्या आधी एक वास येतो. डोळे मिटून कळतो. मी म्हणलं, आता हा वळंल. तो वळला नाही, भ्यालेला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर अख्खी कढई कोळसा. मी बघत राहू शकलो असतो. परक्याचा गूळ करपला तर माझं काय जाणार होतं?

माझा हात वर गेला.

मी नेला नाही, गेला. इर्शादही असाच हात वर करायचा, त्यामुळं त्याच्या भावांनी तो बघितला आणि सवयीनं जाळ ओढला, डबे घेतले, पाक वाफ्यात उपसायला लागले. ओरडणारी माणसं गप्प झाली. गुळव्याचा हात वर गेला की तोंड उघडायचं नाही, हे आमच्या गावाच्या अंगात मुरलेलंय. पप्पूसुद्धा थांबला. पाक सगळा वाफ्यात गेला.

मग पप्पू म्हणला, "तात्या, बरं झालं आलाव. सांगा समद्यांला. दिवस मावळल्यावर ह्यायला विहिरीकडं जाताना तुमी बघितलं ना?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. दोन वर्षं ह्याच गावाला मी सांगत होतो की माझी नजर घारीची आहे. दाजीला सांगितलं, डागतरला सांगितलं, बायकोला सांगितलं. बघितलं म्हणलो असतो तर सगळ्यांनी मानलं असतं. बघितलं नाही म्हणलो असतो, तर पप्पू म्हणला असता, अंधारात नीट दिसलं नसंल तात्या, आठवून बघा.

इर्शाद माझ्याकडं बघत नव्हता. वाफ्यातल्या पाकाकडं बघत होता, फेस कसा बसतोय ते. मीही तेच केलं असतं.

"मला दिसत न्हाय," मी म्हणलो.

"काय?"

"दिवस मावळला की मला दिसत न्हाय. दिवसाबी धुकं दिसतंय. दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू हाय. मागल्या हंगामात काहिली करपल्या त्या चिपाडानं न्हाय, माझ्यानं करपल्या. टेकावरून मला ही माणसं सावलीवानी दिसत्यात. कोण कुठं गेलं मी कसं सांगू?"

कुणीतरी मागून हसलं. पप्पू म्हणला, "मंग घारीची नजर?"

"मेली घार," मी म्हणलो. "कोपीकडं चला, अंबील आंबायली."

माणसं पांगली. साक्षीदारच आंधळा निघाल्यावर बैठक कशाची घेणार. पुढं बऱ्याच दिवसांनी केबली चोरणारी टोळी दुसऱ्याच तालुक्यात सापडली, पण तोपर्यंत पारावर ह्या विषयाची चव गेली होती. माझ्या चुलवाणाचीही. त्या दिवशी भर शिवारात मीच ते बुजवलं. आता कुठल्याही गावचा मालक मला बोलावणार नव्हता.

गोदावरीनं तोवर इर्शादच्या बायकोला हाताला धरून कोपीत नेलं होतं. सगळे आमच्या पंगतीला बसले. मी इर्शादच्या वाटीत स्वतः अंबील ओतली, भरपूर. त्यानं एक घोट घेतला आणि त्याचं तोंड असं झालं की काय सांगू. आंबट, वरून लसूण. पण पाहुण्यानं टाकायची नाही असं त्याला कुणीतरी सांगितलेलं, त्यानं डोळे मिटून संपवली.

"कैसी है?" मी विचारलं.

"बहुत अच्छी है ताऊ."

मी अजून एक वाटी ओतली. त्या सबंध वर्षातला माझा सगळ्यात सुखाचा क्षण तो.

त्यानंतर दाजींनी मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आधी एक डोळा, मग दुसरा. आता चष्मा न लावता टेकावरून धुराड्याच्या विटा मोजतो. इर्शादचं कुटुंब आता इथंच राहतं, ईदला तेवढं गावी जाऊन येतं. तो अजून मला ताऊ म्हणतो, मी अजून कुणाचा भाऊ नाही. पाक गोळीला आला की तो टेकाकडं एकदा बघतो. मी मान हलवत नाही. त्याचं त्यानं ठरवावं. पहिली ढेप मारुतीच्या पायरीपर्यंत तो आणतो आणि तिथं माझ्या डोक्यावर देतो. हे मी मागितलं नव्हतं, आणि नको असंही म्हणलेलं नाही.

नीट दिसायला लागल्यावर मी घरी एक काम केलं. माझ्या शेवटच्या हंगामाची एक ढेप गोदावरीनं औषधाला म्हणून मडक्यात जपून ठेवली होती. ती काढली. शेजारी इर्शादची ढेप ठेवली. दोन्ही फोडल्या आणि उन्हात धरल्या. माझ्या ढेपेत काळे ठिपके होते, तिळासारखे, सगळीकडं. त्याची ढेप तांबूस, स्वच्छ, आत बारीक कणी. जुन्या पितळेच्या तांब्यासारखी.

त्याला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथं लिहितोय. त्याची पोरगी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, तिला येतं म्हणे चांगलं वाचायला. तिनं बापाला वाचून दाखवलं, तर दाखवंना का.